मायकेल कॉलिन्स : पडद्यावरील आणि इतिहासातील

आयर्लंडचा स्वातंत्र्यवीर मायकेल कॉलिन्स याच्या जीवनावर नील जॉर्डन यांनी १९९६ साली चित्रपट काढला. तो पाहणाऱ्यास बंदुकीचा धनी असलेला कॉलिन्स दिसतो. परंतु त्याचे खरे सामर्थ्य ओळखावयाचे तर त्याच्या चरित्राकडेच वळले पाहिजे.

कॉर्क परगण्यातील क्लोनाकिल्टीजवळ एका शेतकरी कुटुंबात १६ ऑक्टोबर १८९० रोजी त्याचा जन्म झाला. आठ भावंडांत तो सर्वांत धाकटा. सहाव्या वर्षी पितृछत्र हरपले. पंधराव्या वर्षी तो लंडनला गेला व पोस्टाच्या बचत बँकेत कारकून झाला. हिशेबाची शिस्त त्याने राज्यकर्त्यांच्याच कचेरीत अंगी बाणविली.

१९१६ च्या ईस्टरमधील उठावात तो डब्लिनच्या मुख्य पोस्ट कचेरीत लढला. सहा दिवसांत उठाव चिरडला गेला. पुढाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या आणि कॉलिन्स वेल्समधील बंदिछावणीत गेला. इमारतीत कोंडून घेऊन बलाढ्य सैन्याशी लढणे व्यर्थ, हा धडा तो तेथून घेऊन आला.

१९१९ साली तो क्रांतिकारी सरकारचा अर्थमंत्री झाला. अडीच लक्ष पौंडांचे राष्ट्रीय कर्ज उभारण्याचे त्याने ठरविले. जमले त्याहून अधिक. डोक्यावर अटकेची तलवार टांगलेली असताही त्याने हिशेब चोख ठेवला. त्याच काळात त्याने गुप्तहेरांचे जाळेही विणले. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी त्याच्या माणसांनी अनेक ब्रिटिश अधिकाऱ्यांना ठार केले. दुपारी क्रोक पार्क मैदानावर सामना पाहणाऱ्या निरपराध जमावावर सरकारी दलांनी गोळीबार केला व चौदा जणांचा बळी गेला. चित्रपटात चिलखती गाडी मैदानात घुसून गोळ्या झाडते. प्रत्यक्षात तशी घुसली नव्हती. चित्रपटात मारला जाणारा त्याचा हस्तक नेड ब्रॉय तर पुढे स्वतंत्र आयर्लंडचा पोलीसप्रमुख झाला!

सर्वांत मोठी उणीव याहून वेगळी आहे. १९२१ साली लंडनला झालेल्या वाटाघाटी चित्रपटात जवळजवळ नाहीतच. कॉलिन्सच्या जीवनातील खरी कसोटी तेथेच होती. राजनिष्ठेची शपथ घ्यावयाची आणि उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहावयाचे, हे कडू घोट गिळून त्याने ६ डिसेंबर रोजी तहावर सही केली. मिळाले ते पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, ते मिळविण्याची वाट आहे, अशी त्याची धारणा होती. आयरिश संसदेने ६४ विरुद्ध ५७ मतांनी तह मान्य केला. पण देश दुभंगला. जिवलग मित्र हॅरी बोलंड विरुद्ध पक्षात गेला आणि यादवीत मारला गेला. पाठोपाठ २२ ऑगस्ट १९२२ रोजी आपल्याच कॉर्क परगण्यात, आपल्याच देशबांधवांच्या गोळीने कॉलिन्स पडला. तेव्हा तो अवघा एकतीस वर्षांचा होता.

चकमक पडद्यावर शोभते. हिशेबाची वही आणि तहाचे मेज शोभत नाही. तथापि शस्त्र उचलण्यापेक्षा ते योग्य क्षणी खाली ठेवण्यास अधिक धैर्य लागते. हे धैर्य ज्याला दिसले, त्यालाच कॉलिन्स कळला.