तीन दशकं सरकारी मान्यता नसलेली पदवी : महर्षी कर्व्यांच्या आयुष्यातून समजून घ्या, डिग्री देण्याचा अधिकार नेमका कुणाकडे असतो?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कॉलेज कुठलं? फी किती? प्लेसमेंट कसं आहे? पण हे कॉलेज जी पदवी देणार, ती देण्याचा अधिकार त्याला कुणी दिला, हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात. दरवर्षी विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करते, तेव्हा अनेकांना जाग येते. तोवर फी भरून झालेली असते.

भारतातली पदवीची व्यवस्था कशी चालते, हे समजून घ्यायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य पाहणं सोपं पडेल. महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांच्या शिक्षणासाठी झटलेले समाजसुधारक, १०४ वर्षं जगलेले भारतरत्न, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्यांनी सरकारी कायद्याचा आधार नसताना एक अख्खं विद्यापीठ उभं केलं आणि त्याच्या पदव्यांना कायद्याची मान्यता मिळेपर्यंत वयाची नव्वदी ओलांडली, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

परीक्षेसाठी शंभराहून अधिक मैल चालत

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावी झाला. बालपण गेलं दापोलीजवळच्या मुरूडला. त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठं सुरू झाली होती. म्हणजे भारतातली आधुनिक पदवी आणि कर्वे जवळपास एकाच वयाचे.

१८७५ मध्ये सतरा वर्षांचे कर्वे एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले. अंतर सुमारे ११० मैल, वाटेत सह्याद्रीचा घाट. तिथे पोहोचल्यावर परीक्षा समितीने त्यांच्याकडे पाहिलं आणि हा मुलगा सतराचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. कागद काय म्हणतो आणि तो मानायचा की नाही हे कोण ठरवतं, याचा हा त्यांचा पहिला अनुभव.

पुढे १८८१ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजमधून गणित घेऊन बी.ए. झाले.

तेव्हाचं विद्यापीठ म्हणजे काय होतं?

इथे थोडं थांबू. कर्वे शिकले एल्फिन्स्टनमध्ये, पण पदवी दिली मुंबई विद्यापीठाने. हे आजही तसंच आहे. कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजची मार्कशीट काढून पाहा, बहुतेक वेळा सर्वांत वर नाव विद्यापीठाचं असतं आणि कॉलेजचं नाव खाली कुठेतरी, कधी नुसत्या कोडच्या रूपात.

याचं मूळ १८५४ च्या वुडच्या खलित्यात आहे. त्यानुसार आलेली पहिली तीन विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. शिकवायचं काम कॉलेजांचं. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं आणि पदवी देणं हे काम विद्यापीठाचं. यालाच आपण संलग्नता किंवा ॲफिलिएशन म्हणतो. मॅट्रिकची परीक्षासुद्धा त्या वेळी विद्यापीठच घ्यायचं. कारण ती मुळात विद्यापीठात शिरण्याचीच परीक्षा होती.

फायदा असा की एका विद्यापीठाखाली दूरदूरची कॉलेजं चालू शकली. तोटा असा की काय शिकवायचं आणि कुठल्या भाषेत, हे शिकवणाऱ्यांच्या हातात राहिलं नाही. उच्च शिक्षणाची भाषा इंग्रजी ठरली. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांवरची सरकारची पकड आणखी घट्ट झाली.

प्राध्यापक कर्वे आणि हिंगण्याची झोपडी

१८९१ मध्ये कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तिथे शिकवत राहिले. त्याच १८९१ मध्ये त्यांच्या पत्नी राधाबाई यांचं निधन झालं. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच, असं त्यांनी ठरवलं. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या गोदूबाई म्हणजेच पुढच्या बाया कर्वे. या लग्नासाठी मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. सुरुवात एका झोपडीतून. कॉलेजचे तास संपले की कर्वे शहरातून पायी तिकडे जायचे. आज तो भाग कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झालं.

आता मुली शाळेपर्यंत पोहोचत होत्या. पण पुढे काय? कॉलेजचा रस्ता इंग्रजीतून जात होता. उशिरा अक्षरओळख झालेल्या, अर्धं आयुष्य माजघरात गेलेल्या मुलीला इंग्रजीतून गणित, इतिहास शिकून बी.ए. होणं किती अवघड असेल, हे वर्गात शिकवणाऱ्या माणसाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

जपानहून आलेली पुस्तिका

कर्व्यांच्या हाती टोकियोच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका आली. १९०१ मध्ये सुरू झालेली ती संस्था जपानी भाषेतून मुलींना उच्च शिक्षण देत होती. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद कर्व्यांकडे होतं. त्या व्यासपीठावरून त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली.

पुढच्या सहा-सात महिन्यांत विद्यापीठ उभं राहिलं. जून १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले, रँग्लर परांजपे कुलगुरू. ५ जुलै १९१६ रोजी कॉलेजचा वर्ग सुरू झाला, तेव्हा विद्यार्थिनी होत्या फक्त पाच.

शिकवण्याची भाषा मातृभाषा. इंग्रजी हा एक सक्तीचा विषय. त्याशिवाय आरोग्य आणि गृहशास्त्रासारखे विषय. पदवीचं नावही वेगळं : गृहीतागमा, म्हणजे जी.ए. बी.ए. हे नाव त्यांनी घेतलं नाही.

मग अडचण काय होती?

१९१६ च्या आसपास भारतात आणखी दोन विद्यापीठं सुरू झाली. बनारस हिंदू विद्यापीठासाठी १९१५ मध्ये कायदा झाला होता. म्हैसूर विद्यापीठामागे तिथलं संस्थान होतं. कर्व्यांच्या विद्यापीठामागे ना कायदा होता, ना राजा. होते ते वर्गणीदार.

विद्यापीठ काढायला कुणी मनाई केली नव्हती. पण जी.ए. झालेल्या मुलीची पदवी सरकारी नोकरीत किंवा दुसऱ्या विद्यापीठात बी.ए.च्या बरोबरीची धरली जाईल, याची हमी कुणीच देऊ शकत नव्हतं. अभ्यास खरा, परीक्षा खरी, पण प्रमाणपत्राची किंमत समोरचा माणूस मानेल तेवढीच. ही जोखीम कर्व्यांपेक्षा त्या मुलींनी जास्त घेतली होती.

टीकाही झाली. मुलींना वेगळा अभ्यासक्रम आणि वेगळी पदवी दिली तर त्या कायमच्या दुय्यम ठरतील, असा आक्षेप होता. तो पूर्णपणे चुकीचा म्हणता येत नाही. गृहशास्त्र फक्त मुलींनीच का शिकायचं, हा प्रश्न आज कुणीही विचारेल. कर्व्यांचा हिशोब वेगळा होता. ज्या मुली बी.ए.पर्यंत पोहोचूच शकत नाहीत, त्यांना काहीच न मिळण्यापेक्षा हे शिक्षण मिळावं, अशी त्यांची भूमिका होती.

पैशाचा प्रश्न १९२० मध्ये बराच सुटला. उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईच्या नावावरून संस्था श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, म्हणजे एसएनडीटी, झाली. मान्यतेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. वयाच्या सत्तरीनंतर कर्वे युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत फिरले, संस्थेची माहिती देत आणि निधी गोळा करत. १९३६ मध्ये विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई राज्याने एसएनडीटीसाठी कायदा केला आणि १९५१ मध्ये ते वैधानिक विद्यापीठ झालं. कर्वे तेव्हा ९३ वर्षांचे होते. बाया कर्व्यांचं निधन १९५० मध्येच झालं होतं. १९५८ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज कर्वे असते तर?

आज कुणी कायद्याशिवाय असं विद्यापीठ काढलं तर ते थेट बोगस ठरेल. १९५६ च्या यूजीसी कायद्याचं कलम २२ सांगतं की पदवी फक्त तीन प्रकारच्या संस्था देऊ शकतात :

१. केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ. केंद्रीय, राज्य आणि खासगी विद्यापीठं यात येतात.

२. कलम ३ खाली केंद्राने अभिमत दर्जा दिलेली संस्था, म्हणजे डीम्ड युनिव्हर्सिटी. पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठही १९२१ मध्ये राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून उभं राहिलं. त्याला हा दर्जा मिळाला १९८७ मध्ये.

३. संसदेने खास कायदा करून अधिकार दिलेल्या संस्था. उदाहरणार्थ आयआयटी.

कलम २३ नुसार इतर कुणाला नावात विद्यापीठ हा शब्दही लावता येत नाही. हा नियम लोकांना फसवणुकीपासून वाचवतो. पण याच नियमामुळे हिंगण्याच्या झोपडीतून विद्यापीठापर्यंतचा रस्ता आज बंद आहे, हेही खरं. नवा प्रयोग करायचा असेल तर आधी सरकारदरबारी जावं लागतं.

प्रवेश घेण्याआधी काय पाहाल?

- पदवी कोण देणार? कॉलेजचं नाव कितीही मोठं असलं तरी प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार ते विचारा. स्वायत्त कॉलेज स्वतः अभ्यासक्रम ठरवतं आणि परीक्षा घेतं, पण पदवी सहसा विद्यापीठाचीच असते.
- ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? यूजीसीच्या वेबसाइटवर मान्य आणि बोगस, दोन्ही याद्या मोफत पाहता येतात.
- नॅकची श्रेणी म्हणजे पदवीचा अधिकार नाही. नॅक दर्जा तपासते. अधिकार कायद्याने मिळतो.
- व्यावसायिक कोर्स असेल तर दुसरी मान्यताही पाहा. वकिलीसाठी बार कौन्सिल, वैद्यकीय शिक्षणासाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग.
- वर्षांचा हिशोब समजून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स, अशी रचना आहे. तुमच्या कॉलेजात यातलं प्रत्यक्षात काय लागू झालंय, ते प्रवेशाआधी लेखी घ्या.

१९१६ च्या त्या पाच मुलींकडे तपासायला अशी कुठलीच यादी नव्हती. त्यांनी फक्त कर्व्यांवर विश्वास ठेवला. आज ही माहिती मोबाइलवर दोन मिनिटांत मिळते. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ती दोन मिनिटं नक्की काढा.