डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि झांबेझी नदी

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात, झांबिया व झिंबाब्वे या दोन देशांच्या सीमेवरून झांबेझी नदी वाहते. एके ठिकाणी तिचे मैलभर रुंदीचे पात्र एकाएकी सुमारे साडेतीनशे फूट खोल अशा चिंचोळ्या घळीत कोसळते. हाच तो जगप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधबा होय. वर जे पाणी मैलभर ऐसपैस पसरलेले असते, तेच खाली बाटोका घळीच्या काळ्या कातळांमध्ये कोंडले जाऊन, फेसाळत व भोवरे घेत पुढे धावते. सन १९८१ पासून या घळीतून प्रवाशांना रबरी तराफ्यांवर बसवून नेण्यात येऊ लागले. प्रत्येक खळाळास क्रमांक दिलेला आहे. वाटाड्याने हाक दिली की सर्वांनी एकदम वल्हे मारावयाचे, दुसरी हाक दिली की तराफ्याच्या तळाशी दबून बसावयाचे, असा तेथील शिरस्ता. नववा खळाळ मात्र इतका उग्र आहे की वाटाडे प्रवाशांना काठावर उतरवितात व खडकांवरून पायी पलीकडे नेतात. कोठे उतरावे हे ज्यास कळते, तोच या नदीवरचा खरा नावाडी!

विद्यार्थिमित्रांनो, ज्या पुरुषाने या धबधब्याचे वर्णन प्रथम युरोपास ऐकविले, त्याचे सारे आयुष्य या एका नदीशी बांधले गेले होते. तिने त्यास कीर्ती दिली आणि तिनेच त्याचा सर्वांत मोठा पराभव केला. कीर्तीची कथा बहुतेकांस ठाऊक असते. पराभवाची फारशी कोणी सांगत नाही.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा जन्म स्कॉटलंडमधील ब्लँटायर या गावी १९ मार्च १८१३ रोजी झाला. घरची अत्यंत गरिबी. दहाव्या वर्षी ते सुताच्या गिरणीत कामास लागले. पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत काम करावयाचे, आणि यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येरझारा घालता घालता एकेक वाक्य वाचावयाचे, असा त्यांचा क्रम असे. पहिल्या पगारातून त्यांनी लॅटिनचे व्याकरण विकत घेतले होते. पुढे ग्लासगो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन, लंडन मिशनरी सोसायटीच्या वतीने ते सन १८४१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरले. सन १८४४ मध्ये एका सिंहाने त्यांच्या डाव्या दंडाचे हाड मोडले. तो हात जन्मभर अधू राहिला. दुसऱ्याच वर्षी मेरी मॉफट यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

सन १८५१ मध्ये त्यांनी झांबेझीचे पहिले दर्शन घेतले. त्या प्रदेशात गुलामांचा व्यापार शिरला होता. या भव्य नदीच्या मार्गाने प्रामाणिक व्यापार आत आला तर माणसे विकण्याचे कारणच उरणार नाही, अशी त्यांची दृढ समजूत झाली. पत्नी व मुलांना विलायतेस धाडून ते एकटे मार्ग शोधण्यास निघाले. एकटे म्हणावयाचे खरे, परंतु माकोलोलो लोकांचा तरुण राजा सेकेलेटू याने त्यांस माणसे दिली, बैल दिले, होड्या दिल्या, आणि पुढे समुद्रापर्यंतच्या प्रवासासाठी हस्तिदंतही दिले. चरित्रकारांनी या राजाचे ऋण थोडक्यात आटोपावे, याचे आश्चर्य वाटते.

नोव्हेंबर १८५५ मध्ये सेकेलेटू स्वतः त्यांना धबधब्याकडे घेऊन गेला. तेथील लोक त्यास मोसी-ओआ-टुन्या, म्हणजे गर्जणारा धूर असे म्हणत, कारण उसळलेल्या तुषारांचे स्तंभ कित्येक मैलांवरून दिसतात. खळाळांची नस न् नस ओळखणाऱ्या नावाड्यांनी लिव्हिंग्स्टन यांना एका हलक्या होडीत बसविले. पाणी उतरलेले होते. तरी कड्याच्या दिशेने ओढणारा प्रवाह दोन्ही अंगांना होता. एखाद्या खडकास चुकून धक्का लागता तर सर्वजण घळीत गेले असते. भोवऱ्यांतील संथ पाणी धरीत नावाड्यांनी होडी अचूक कड्यावरील एका बेटास लावली. लिव्हिंग्स्टन सरपटत कड्यापर्यंत गेले व पालथे पडून खाली पाहू लागले. खोलीचा त्यांचा अंदाज त्या दिवशी फारच थोडका निघाला. पाच वर्षांनी त्यांनी वजन बांधलेली दोरी सोडून खरे माप घेतले. बेटावर त्यांनी फळझाडांच्या बिया पेरल्या, आणि एका झाडावर आपल्या नावाची आद्याक्षरे व साल कोरले. पुढे पाणघोड्यांनी ती बाग पार तुडवून टाकली.

तेथून ते शंभराहून अधिक माकोलोलो माणसांसह पूर्व किनाऱ्याकडे निघाले. त्यांत सेक्वेबू नावाचा गृहस्थ प्रमुख होता. खालच्या नदीकाठच्या भाषा त्याला येत, आणि बंदुका रोखून उभ्या राहिलेल्या टोळ्यांशी त्यानेच बोलणी करून वाट मोकळी करून घेतली. तेटे या पोर्तुगीज ठाण्याच्या अलीकडे नदीस वळण होते. ते टाळण्यासाठी सर्वांनी खुष्कीची जवळची वाट धरली. त्या वळणात केब्राबासा नावाचा एक लहानसा खळाळ आहे, एवढेच लिव्हिंग्स्टन यांच्या कानी आले होते. त्यांनी तो पाहिला नाही. पुढील सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे.

मे १८५६ मध्ये ते समुद्रकिनारी पोहोचले. माकोलोलो मंडळी तेटे येथे वाट पाहत राहिली. सेक्वेबू मात्र त्यांच्याबरोबर जहाजावर चढला. पूर्वी कधी न पाहिलेला अफाट समुद्र व तऱ्हेतऱ्हेचे नवे अनुभव यांनी त्याचे चित्त भ्रमले, आणि मॉरिशसजवळ तो पाण्यात उडी घेऊन बुडाला. झांबेझीवर ज्याने सर्वांना सांभाळले, त्याला सांभाळणारे त्या जहाजावर कोणी नव्हते.

विलायतेत लिव्हिंग्स्टन यांचा अपूर्व सत्कार झाला. झांबेझी हा आफ्रिकेच्या अंतर्भागात जाण्याचा जलमार्ग आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. सरकारने आगबोट व द्रव्य दिले. नोव्हेंबर १८५८ मध्ये ती आगबोट केब्राबासापाशी येऊन थांबली. पुढे सुमारे पन्नास मैल नदी कातळांच्या अरुंद भेगेतून आदळत आपटत खाली येत होती. तापलेल्या खडकांवरून चालून बरोबरच्या माकोलोलो माणसांच्या तळपायांस फोड आले. मार्ग बंद होता, हे उघड्या डोळ्यांनी दिसत होते. तरीही अधिक जोरदार आगबोट मिळाल्यास पुराच्या दिवसांत वर चढता येईल, असेच लिव्हिंग्स्टन यांनी सरकारला कळविले. थोर पुरुषासही आपली चूक एका दिवसात पचत नाही.

या चुकीची किंमत इतरांनी दिली. सेकेलेटूच्या राजधानीत मिशन काढावे म्हणून हेल्मोर व प्राइस ही दोन मिशनरी कुटुंबे सन १८६० मध्ये दक्षिणेकडून वाळवंट ओलांडून तेथे पोहोचली. लिव्हिंग्स्टन नदीमार्गे येऊन भेटतील अशी त्यांची अपेक्षा होती. लिव्हिंग्स्टन आले ते पायी, ऑगस्टमध्ये. तोपर्यंत तापाने हेल्मोर पतिपत्नी, त्यांची दोन मुले, प्राइसबाई व त्यांचे तान्हे मूल मरण पावले होते. माकोलोलो मंडळींना घरी पोहोचवून, दिलेला शब्द पाळून, लिव्हिंग्स्टन होड्यांतून परतले. केब्राबासाच्या खळाळात एक होडी उलटली, सहकारी डॉ. कर्क कसेबसे वाचले, पण त्यांची उपकरणे व वनस्पतींच्या टिपणांच्या वह्या पाण्यात गेल्या. एप्रिल १८६२ मध्ये मेरीबाई झांबेझीच्या काठी शुपांगा येथे तापाने वारल्या. सन १८६३ मध्ये सरकारने मोहीमच परत बोलावली.

यानंतर जे घडले त्याचा संबंध आपल्या प्रांताशी आहे. लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच्या पैशांतून लेडी न्यासा नावाची लहान आगबोट बांधविली होती. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून, पावसाळा तोंडावर आलेला असता, स्वतः सुकाणू धरून त्यांनी ती झांजीबारहून मुंबईस आणली. कोळसा जेमतेम, खलाशांपैकी आफ्रिकन तरुणांनी समुद्र पूर्वी पाहिलेला नव्हता. अडीच हजार मैलांचा हा प्रवास पंचेचाळीस दिवस चालला व १३ जून १८६४ रोजी बोट बंदरात शिरली. बरोबर आणलेल्या चुमा व विकातानी या दोन मुलांना त्यांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेत ठेवले. पुढच्या वर्षी परत येऊन त्यांनी बोट विकली. तो पैसा ज्या पेढीत ठेवला ती पेढीही बुडाली. नाशिकजवळील शरणपूर येथे, गुलामगिरीतून सोडविलेली आफ्रिकन मुले शिकत असत. त्यांतील काही तरुण, चुमा व विकातानी यांना बरोबर घेऊन ते १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून अखेरच्या प्रवासास निघाले.

पुढील सात वर्षे ते नाईल नदीचा उगम शोधीत दलदलींतून फिरले. १ मे १८७३ रोजी पहाटे चितांबो राजाच्या गावी, बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते मृत आढळले. सुसी, चुमा व इतर सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच एका मोठ्या वृक्षाखाली पुरले, आणि वाळविलेला देह खांद्यावरून वाहून समुद्रकिनाऱ्यास पोहोचविला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले.

हृदयाच्या दफनप्रसंगी प्रार्थना वाचली ती नाशिक येथे शिकलेल्या जेकब वेनराइट याने. त्यानेच त्या वृक्षाच्या खोडावर डॉक्टरांचे नाव व दिनांक कोरून ठेवला. पुढे ते झाड किडीने पोखरले जाऊ लागले, तेव्हा सन १८९९ मध्ये ते तोडून अक्षरे असलेला भाग लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेण्यात आला. केब्राबासाचे खळाळही आता दिसत नाहीत. सन १९७४ मध्ये काहोरा बासा धरण पुरे झाले आणि ते जलाशयाच्या तळाशी गेले.