इंटरफेरॉनचे शोधक अ‍ॅलिक आयझॅक्स

विषाणूचा संसर्ग झालेली पेशी शेजारच्या निरोगी पेशींना सावध करते, ही गोष्ट आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना सहज ठाऊक असते. हा इशारा वाहून नेणाऱ्या प्रथिनाला इंटरफेरॉन हे नाव १९५७ मध्ये मिळाले. ते देणाऱ्या दोघांपैकी एक म्हणजे ब्रिटिश विषाणुशास्त्रज्ञ अ‍ॅलिक आयझॅक्स. २६ जानेवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४५ वर्षांचे होते. आपले प्रथिन औषध म्हणून उपयोगी पडेल की नाही, याचा निकाल त्यांच्या हयातीत लागला नाही.

आयझॅक्स यांचा जन्म १७ जुलै १९२१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे पूर्वज लिथुआनियातून तेथे स्थलांतरित झाले होते. ग्लासगो विद्यापीठातून १९४४ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. परंतु रुग्णसेवेपेक्षा प्रयोगशाळेकडे त्यांचा ओढा अधिक होता. शेफील्ड येथे इन्फ्लुएन्झाचा अभ्यास केल्यानंतर ते शिष्यवृत्तीवर ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मॅकफार्लेन बर्नेट यांच्याकडे गेले. तेथेच त्यांना एका कोड्याने पछाडले. एका विषाणूची बाधा झालेल्या पेशींत दुसरा विषाणू सहसा वाढू शकत नाही, हे १९३० च्या दशकापासून माहीत होते. याला व्यतिकरण म्हणजे इंटरफिअरन्स म्हणत. पहिला विषाणू निष्क्रिय केलेला असला, तरीही दुसऱ्याची वाट अडते ती कशामुळे, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

मायदेशी परतल्यावर आयझॅक्स लंडनजवळच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत रुजू झाले आणि तेथील जागतिक इन्फ्लुएन्झा केंद्राचे काम पाहू लागले. १९५६ मध्ये ज्याँ लिंडेनमन हे तरुण स्विस संशोधक वर्षभरासाठी त्याच संस्थेत आले. चहाच्या वेळी झालेल्या गप्पांत दोघांच्याही मनात एकच कोडे घोळत असल्याचे उघड झाले आणि त्यांनी एकत्र काम सुरू केले.

त्यांचा प्रयोग आज वाचताना आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. कोंबडीच्या अंड्यातील गर्भाभोवतीच्या पटलाचे तुकडे घेऊन, उष्णतेने निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू त्यांनी त्यांच्याबरोबर द्रवात ठेवला. काही तासांनी तुकडे काढून टाकले आणि उरलेल्या द्रवात ताज्या पटलाचे तुकडे सोडले. या नव्या तुकड्यांवर जिवंत विषाणू घातला, तेव्हा तो नीट वाढेना. अडथळा निष्क्रिय विषाणूचा नव्हता. पेशींनी स्वतः काहीतरी तयार करून द्रवात सोडले होते. या पदार्थाला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले आणि १९५७ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात दोन निबंध प्रसिद्ध केले. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी सशांवरील प्रयोगांत १९५४ मध्येच अशा विषाणुरोधक घटकाची नोंद केली होती. त्यांचे लेखन फ्रेंच भाषेतील नियतकालिकात असल्याने त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. श्रेयाच्या वाटणीत या दोघांवर अन्याय झाला, असे म्हणावे लागेल.

इंटरफेरॉन विषाणूला स्वतः मारत नाही. बाधित पेशीतून बाहेर पडून ते शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते. त्या संकेताने पेशीतील शेकडो जनुके कार्यान्वित होतात आणि विषाणूला आपली प्रथिने घडविणे अवघड होते. विषाणू कोणताही असो, उपाय तोच. म्हणूनच पेनिसिलिनने जीवाणूंबाबत जे साधले ते विषाणूंबाबत साधेल, या आशेने वृत्तपत्रे भारावून गेली. १९६० मध्ये तर फ्लॅश गॉर्डन या चित्रकथेत अंतराळवीरांचे प्राण इंटरफेरॉनने वाचविले! प्रत्यक्षात हाती येणारा पदार्थ अत्यल्प आणि अशुद्ध होता. अनेक प्रयोगशाळांना तो मिळविताच आला नाही. अमेरिकेतील काही संशोधकांनी त्याला कल्पनेतले रसायन ठरवून त्याच्या नावाची टिंगल केली.

आयझॅक्स मागे हटले नाहीत. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने औषध कंपन्यांना सोबत घेऊन काम पुढे नेले. १९६२ मध्ये स्वयंसेवकांच्या त्वचेत इंटरफेरॉन टोचून देवीच्या लशीतील विषाणूची वाढ रोखता येते, असे दिसून आले. सर्दीवरील चाचण्यांनी मात्र निराशा केली. या चढउतारांच्या काळात आयझॅक्स तीव्र नैराश्याच्या विकाराशी झगडत होते. १९६४ च्या आरंभी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. तरीही ते कामावर परतले. १९६६ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

त्यांच्या शेवटच्या वर्षांतील एका कल्पनेची कथा अधिक चटका लावणारी आहे. परक्या न्यूक्लिइक आम्लाची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन तयार करते, असा विचार त्यांनी १९६३ मध्ये मांडला. पुरावा तोकडा असल्याने तो फारसा कोणी स्वीकारला नाही. त्यांच्या निधनाच्याच वर्षी अमेरिकेत मॉरिस हिलमन यांच्या गटाने दुपदरी आरएनए हे इंटरफेरॉनचे प्रभावी उत्तेजक असल्याचे दाखवून दिले. तपशिलात फरक होता, पण दिशा आयझॅक्स यांचीच होती.

पुढे फिनलंडमध्ये कारी कांटेल यांनी दात्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींपासून इंटरफेरॉन मिळविले. १९८० मध्ये झुरिक येथे चार्ल्स वाइसमन यांच्या गटाने त्याचे जनुक जीवाणूत बसवले आणि टंचाई संपली. १९८६ मध्ये अमेरिकेत हेअरी सेल ल्युकेमिया या दुर्मिळ रक्तकर्करोगावर त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर हिपॅटायटिस सी आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारांवरही ते वापरले जाऊ लागले. ताप, अंगदुखी, थकवा आणि काही रुग्णांत नैराश्य ही त्याची किंमत होती. आयझॅक्स यांच्या आजाराशी याचा संबंध जोडण्यास कोणताही आधार नाही. हिपॅटायटिस सीवर थेट विषाणूवर घाव घालणाऱ्या गोळ्या आल्यावर तेथील त्याचे स्थान गेले.

कोविडच्या साथीत हे नाव पुन्हा चर्चेत आले. फुप्फुसांना जीवघेणा संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी सुमारे १० टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत मात्र इस्पितळात दाखल रुग्णांचे मृत्यू बीटा इंटरफेरॉनमुळे कमी झाले नाहीत. इशारा उशिरा पोहोचल्यास त्याचा उपयोग राहत नाही, असा याचा एक अर्थ लावला जातो. भारतात एप्रिल २०२१ मध्ये औषध महानियंत्रकांनी अहमदाबादच्या झायडस कॅडिलाच्या पेगिलेटेड इंटरफेरॉन अल्फा-२बी या औषधाला मध्यम स्वरूपाच्या कोविडसाठी आपत्कालीन वापराची परवानगी दिली. लिंडेनमन यांनी हे सारे बहुतांशी पाहिले. त्यांचे निधन २०१५ मध्ये झाले. नोबेल पुरस्कार दोघांपैकी कोणालाही मिळाला नाही.