लक्ष्मणराव किर्लोस्कर : वाया न गेलेली वर्षे

आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या काळ्या मातीत लोखंडी नांगर चालताना ज्यांनी पाहिला, त्या वडीलधाऱ्यांस किर्लोस्कर हे नाव नव्याने सांगावयास नको. परंतु तो नांगर घडविणारा पुरुष त्या कामापर्यंत किती आडवाटांनी आला, हे तरुण बांधवांस ठाऊक असावे, म्हणून हे अल्प चरित्र येथे देत आहो.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे रंग ओळखण्यात दृष्टिदोष असल्याचे आढळले आणि चित्रकार होण्याची आशा मावळली. त्यांनी हातची पेन्सिल मात्र टाकली नाही. रंगांवाचून चालणारे यांत्रिक रेखाटन ते शिकले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथील यंत्रांशी त्यांचा घनिष्ठ परिचय झाला. पुढे हक्काची बढती डावलली गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली.

बंधू रामुअण्णा यांच्यासह बेळगावात त्यांनी सायकलींचा व्यवसाय केला. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे प्रारंभवर्ष मानले जाते. सायकली विकणे, त्या दुरुस्त करणे व गिऱ्हाइकास चालविण्यास शिकविणे, अशी तिन्ही कामे त्या दुकानात होत. नवी वस्तू लोकांच्या गळी कशी उतरवावी, हा धडा तेथेच मिळाला. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर लोखंडी नांगर तयार झाला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत आडवी आली. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. येथे शिक्षकाची चिकाटी आणि दुकानदाराचा धीर, दोन्ही कामी आले.

पुढे बेळगावातील जागा सोडण्याची पाळी आली. त्या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला. कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा त्या माळाचे उद्योगनगर झालेले होते.

आता आमच्या घरांकडे वळू. मुलाने दोन नोकऱ्या सोडल्या किंवा एखादे दुकान बुडाले, की आपण त्यास धरसोडीचा म्हणून मोकळे होतो. सोयरीक जुळविताना तर ते वैगुण्यच ठरते. वारंवार काम बदलणे हा काही गुण नव्हे, हे आम्ही जाणतो. लक्ष्मणरावांनी प्रत्येक कामातून एक विद्या पदरी बांधून मगच पुढचे पाऊल टाकले, हा भेद विसरता कामा नये. म्हणून मुलाने काय सोडले, एवढेच विचारू नये. तेथून तो काय शिकून आला, हेही विचारावे.

आणि आणखी एक. लक्ष्मणरावांच्या पाठीशी एक भाऊ होता आणि ऐन वेळी एक जाणता आश्रयदाता होता. प्रत्येकास राजाश्रय लाभत नाही; परंतु भाऊबंदांचा हात लाभावा, एवढ्याचसाठी आपली ही संस्था आहे. पडलेल्या तरुणास दुसरी संधी देणारे घर आमच्या समाजात एकही कमी असू नये, हीच या अंकानिमित्त आमची प्रार्थना.