रूडोल्फ फिरखो : छोट्या गाठीकडे लक्ष देणारे डॉक्टर



५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याला शिक्षक दिन आठवतो. याच तारखेला, १९०२ साली, बर्लिनमध्ये एका थोर डॉक्टरांचं निधन झालं. तेही हाडाचे शिक्षक होते. त्यांचं नाव रूडोल्फ फिरखो.

त्यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातल्या शिवेलबाइन या छोट्या गावी झाला. घरची परिस्थिती बेताचीच. शिष्यवृत्तीवर बर्लिनला शिकून १८४३ मध्ये ते डॉक्टर झाले.

१८४८ साली सरकारने त्यांना सायलेशियात टायफसची साथ पाहायला पाठवलं. त्यांनी अहवालात औषधांबरोबर शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न मागितलं! राजकीय मतांमुळे बर्लिन सोडावं लागलं, पण १८५६ मध्ये ते प्राध्यापक म्हणून परतले. प्रत्येक पेशी दुसऱ्या पेशीपासूनच तयार होते आणि रोगही पेशीतच शोधायचा, हे त्यांनी १८५८ च्या ग्रंथात मांडलं.

आता त्या गाठीबद्दल. जठराच्या कर्करोगात डाव्या गळपट्टीच्या हाडावर कधी कधी गाठ येते, हे त्यांनी १८४८ मध्येच नोंदवलं. डावीकडेच का? कारण पोटातला लसिका रस एका मोठ्या नळीतून वर चढतो आणि मानेच्या डाव्या बाजूला रक्तात मिसळतो. डॉक्टर आजही या गाठीला त्यांच्याच नावाने ओळखतात. मात्र कर्करोग रसामुळे पसरतो, हा त्यांचा समज चुकीचा ठरला. प्रवास पेशीच करतात, हे पुढे इतरांनी दाखवलं.

पित्तनलिकेच्या कर्करोगातही या पेशी आधी यकृताजवळच्या लसिकाग्रंथींत शिरतात. सीटी स्कॅन, एमआरआयमध्ये ग्रंथी दिसतात, पण फसवतातही. मोठी ग्रंथी नुसती सुजलेली असू शकते आणि लहान ग्रंथीत कर्करोग लपलेला असू शकतो. म्हणून दुर्बिणीतून सोनोग्राफी करून सुईने नमुना घेतात. शस्त्रक्रिया शक्य असेल तर जवळच्या ग्रंथीही काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रोग मानेपर्यंत पोहोचला असेल तर सहसा शस्त्रक्रियेऐवजी केमोथेरपी देतात. म्हणजे उपचार कोणता, हे ती छोटीशी ग्रंथी ठरवते.

पालकांनो, एक कळकळीची विनंती. घरातल्या मोठ्या माणसाला कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन घटलं, तर काविळीची माळ घालून वाट पाहू नका. दरवेळी कर्करोगच असतो असं नाही, पण तपासणी लगेच करा. मानेवरची न दुखणारी गाठही दाखवा.

आणि शिक्षक मित्रांनो, फिरखो विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहायला लावत. आपणही मुलांना उत्तर सांगण्याआधी नीट बघायला शिकवूया. बघण्याची ही सवय कधीतरी कुणाचा तरी जीव वाचवेल.