गाडी थांबविणाऱ्या बाई

भगिनींनो, आपल्या नांदुऱ्यावरून महामार्ग जातो. गाड्या भरधाव धावतात, पण अपघात पाहून थांबणारा विरळाच. म्हणून कामिय द्यु गास्त या फ्रेंच बाईंचे चरित्र मला आपल्यापुढे ठेवावेसे वाटते.

त्यांचा जन्म १८६८ साली पॅरिसला झाला. ऐन तारुण्यात वैधव्य आले. पदरी एक मुलगी होती. पैशाची ददात नव्हती, पण बाई घरात कुढत बसल्या नाहीत. मोटार शिकल्या आणि १९०१ साली पॅरिस ते बर्लिन शर्यतीत ३३व्या आल्या.

१९०३ ची पॅरिस ते माद्रिद शर्यत भीषण ठरली. धुळीने वाट दिसेना, कित्येक माणसे दगावली. बाई पुष्कळ पुढे होत्या. तोच एक स्पर्धक उलटलेल्या गाडीखाली सापडलेला दिसला. बाई थांबल्या आणि मदत येईपर्यंत त्याच्यापाशी राहिल्या. नंबर गेला, माणूस वाचला. शर्यत बोर्दो गावीच बंद करण्यात आली.

पुढे मोटारींच्या शर्यतीत बायका नकोत असे ठरले. बाईंनी विरोध केला, पण उपयोग झाला नाही. ज्यांनी बंदी घातली त्यांना तो प्रसंग आठवला नाही, याचे मला वाईट वाटते. तरी फ्रान्सच्या मोटार क्लबात अधिकारपदावर त्या एकट्याच स्त्री होत्या. मुक्या जनावरांसाठी आणि स्त्रियांच्या हक्कांसाठीही त्या झटल्या. १९४२ साली त्या वारल्या.

मुलामुलींच्या हाती गाडीची किल्ली देताना ही हकिकत जरूर सांगावी.