ऐन मोक्याच्या मॅचला दांडी मारली, टीम हरली. तरी डेट्रॉइटनं हँक ग्रीनबर्गला डोक्यावर घेतलं

चिंचवड, भोसरी, चाकणमध्ये नोकरी करणाऱ्यांना हा पेच नवा नाही. कंपनीत टार्गेटची धावपळ सुरू आहे आणि नेमका त्याच दिवशी घरचा सण. रजा टाकायची की ड्युटीवर जायचं?

१९३४ साली गाड्यांच्याच कारखान्यांच्या दुसऱ्या एका शहरात, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये, हाच पेच एका बेसबॉलपटूसमोर उभा राहिला. फरक एवढाच, की त्याच्या रजेवर अख्ख्या शहराचं लक्ष होतं. त्याचं नाव हँक ग्रीनबर्ग.

हँकचा जन्म १ जानेवारी १९११ चा, न्यूयॉर्कमधला. आईवडील रोमानियातून आलेले कर्मठ ज्यू. सव्वासहा फूट उंचीचा हा पोरगा डेट्रॉइट टायगर्सकडून खेळायला लागला आणि बघता बघता टीमचा मुख्य फलंदाज झाला.

पण काळ वाईट होता. जर्मनीत हिटलर सत्तेवर आलेला. डेट्रॉइटचेच कारखानदार हेन्री फोर्ड यांच्या वर्तमानपत्रानं १९२० च्या दशकात ज्यूंविरुद्ध मजकुराची राळ उडवली होती. मैदानात हँकला विरोधी खेळाडू आणि प्रेक्षक जातीवरून शिव्या घालायचे.

अशात १९३४ चा सप्टेंबर उजाडला. टायगर्सनी १९०९ नंतर एकदाही लीग जिंकली नव्हती. यंदा पंचवीस वर्षांनी संधी आली होती आणि त्याच महिन्यात ज्यूंचे दोन मोठे सण होते.

पहिला रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नवं वर्ष. आपल्या कोकणातले बेने इस्रायली त्याला ‘नव्याचा सण’ म्हणायचे. दुसरा योम किप्पूर. वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा, सुमारे पंचवीस तास पाण्याचा थेंबही न घेता प्रार्थनेत घालवायचा दिवस. कोकणात त्याचं नाव ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्रायलींना आपल्याकडे ‘शनवार तेली’ म्हणत. काम कितीही असो, देवाचा दिवस देवाचा, हा नेम तिथेही तोच होता.

हँक खेळणार का? चर्चा पेपरात गेली, धर्मगुरूंची मतं विचारली गेली. नव्या वर्षाचा दिवस आनंदाचा, तेव्हा खेळायला हरकत नाही, असा एक सूर निघाला. १० सप्टेंबरला हँक खेळला आणि दोन होमरन मारले. होमरन म्हणजे साधारण आपला सिक्सर. बोस्टनविरुद्धची ती मॅच टायगर्सनी २-१ अशी जिंकली. म्हणजे टीमचे दोन्ही रन हँकचेच!

१९ सप्टेंबरला योम किप्पूर होता. त्या दिवशी मात्र हँक मैदानावर आला नाही. तो शारे झेडेक या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला गेला. त्याला पाहून लोक उठून उभे राहिले आणि चक्क टाळ्या वाजल्या. हँक संकोचून गेला. तिकडे टायगर्स न्यूयॉर्क यांकीजकडून ५-२ ने हरले.

आता खरं सांगायचं तर तोवर टायगर्सची आघाडी चांगली होती. एका पराभवानं आभाळ कोसळणार नव्हतं आणि पुढे लीग त्यांनीच जिंकली. हँकही काही फार देवभोळा माणूस नव्हता. उतारवयात तर तो कर्मकांडापासून बराच लांब गेला. मग लोकांना त्याचं एवढं कौतुक का?

कारण ज्या काळात अनेक ज्यू नाव बदलून, ओळख झाकून जगत होते, त्या काळात देशातल्या सगळ्यात लाडक्या खेळातला एक स्टार सगळ्यांसमोर सांगत होता, की आज माझा उपवासाचा दिवस आहे. ज्यू पोरांना त्याचे होमरन पाठ होतेच, पण त्यांच्या लक्षात राहिली ती न खेळलेली मॅच.

हा माणूस पुढेही तसाच वागला. १९३८ मध्ये त्यानं ५८ होमरन मारले, बेब रूथच्या विक्रमापेक्षा फक्त दोन कमी. ज्यू म्हणून त्याला मुद्दाम रोखलं, असं लोक म्हणायचे. हँकनं ती सबब कधी मान्य केली नाही.

१९४१ मध्ये तो सैन्यात गेला. वय जास्त म्हणून ५ डिसेंबरला त्याला सोडण्यात आलं. दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि हँक स्वतःहून परत भरती झाला. चीन-बर्मा-भारत आघाडीवरही त्यानं काम केलं. १९४५ मध्ये परतला आणि सीझनच्या शेवटच्या दिवशी होमरन मारून टायगर्सना पुन्हा लीग जिंकून दिली.

१९४७ हे त्याचं खेळाडू म्हणून शेवटचं वर्ष. त्याच वर्षी जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू मेजर लीगमध्ये आला. त्याला तशाच शिव्या पडत होत्या. विरोधी टीममध्ये असूनही हँकनं त्याला धीर दिला. जॅकी ते विसरला नाही.

४ सप्टेंबर १९८६ ला हँक गेला. तरुणपणी त्याला ‘ज्यू खेळाडू’ हा शिक्का नको होता, नुसता चांगला खेळाडू म्हणून नाव हवं होतं. वय वाढलं तसा त्याला त्याच शिक्क्याचा अभिमान वाटू लागला.

१९६५ मध्ये सँडी कोफॅक्स या ज्यू बॉलरनं वर्ल्ड सिरीजची पहिलीच मॅच योम किप्पूरसाठी सोडली. एकतीस वर्षांपूर्वी ती वाट हँकनं पाडून ठेवली होती.